नवशिक्याच्या मुठीत किती ताकद द्यायची? परवान्याचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

वाहनपरवान्याचे नियम लिहिणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि राबवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

कोवळ्या वयाचं कुणी मोटारसायकलच्या अपघातात दगावलं, की आठ दिवसांत एक सूचना तुमच्या टेबलावर येते. नव्या परवानाधारकांच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग ठरावीक आकड्यावर रोखणारं यंत्र बसवा, ताशी ८० किलोमीटरवर सील करा. सूचना करणाऱ्याची तळमळ खरी असते. उपायही सोपा असतो, मोजता येतो, फोटो काढून दाखवता येतो. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा पुढे येतो. मी बरीच वर्षं नवशिक्यांना दुचाकी शिकवतोय, अलीकडे थोडी चारचाकीही. नव्या चालकाच्या गाडीवर बंधन असावं याच मताचा मी आहे. ‘आपटतील, मग शिकतील’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. तरीही हे पत्र त्या सूचनेच्या विरोधात आहे. बंधन वेगाच्या काट्यावर घालू नका, इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे ताकदीवर घाला, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिकवणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला एक प्रसंग आधी सांगतो. विद्यार्थी क्लच सोडतो. गाडी त्याच्या अंदाजापेक्षा जरा जास्त जोरात निघते आणि तो मागे झुकतो. मागे झुकताना हात ताणले जातात, आधार म्हणून उजवी मूठ आवळली जाते आणि मनगट खाली जातं. मनगट खाली गेलं की थ्रॉटल उघडतो. गाडी आणखी उसळते, माणूस आणखी मागे जातो, मूठ आणखी घट्ट होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा मुद्दाम रेस देतोय. तो बिचारा फक्त धरून ठेवायचा प्रयत्न करत असतो. बहुतेक यंत्रं घाबरून घट्ट धरली तर निदान आणखी जोरात चालत नाहीत. मोटारसायकल चालते.

आता हाच प्रसंग दोन गाड्यांवर घडतो असं समजा. एक १२५ सीसीची, ११ किलोवॅटची, म्हणजे साधारण १५ हॉर्सपॉवरची. ती पाच-सहा मीटर धावते, धक्के खाते, बहुतेक वेळा बंद पडते. विद्यार्थी लाजतो, आम्ही हसतो, पुन्हा किक किंवा सेल्फ. दुसरी एक हजार सीसीची, दीडशे किलोवॅटची, दोनशे किलोच्या आसपास वजनाची. शून्यापासून ताशी शंभरपर्यंत जायला तिला तीनेक सेकंद लागतात. तिच्यावर मूठ आवळली तर पुढचं चाक उचलतं किंवा मागचं सरकतं, आणि चूक ध्यानात येईपर्यंत समोरची भिंत आलेली असते.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एकानं परवाना हातात पडल्यावर महिन्याभरातच अशी मोठी गाडी घेतली आणि कौतुकानं दाखवायला आणली. मैदानातच वळवताना त्याचा पाय घसरला, गाडी कलली, त्यानं सावरायला मूठ धरली. पंधरा मीटरवर कुंपण होतं. त्याचं मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं. वेगाचा काटा त्या वेळी फार तर ३०-३५ वर गेला असेल. त्या गाडीला ८० चं सील असतं तरी दोन्ही हाडं मोडलीच असती. नंतर तो मला म्हणाला, “सर, मी स्पीडमध्ये नव्हतोच की.” खरंच नव्हता.

हा काही एकट्याचा अनुभव नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालात धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग (निम्मे अपघात याहून कमी वेगाचे) निघाला ताशी २१.५ मैल, म्हणजे जेमतेम ३५ किलोमीटर. धोका दिसण्याआधीचा वेगही ४८ किलोमीटरच्या आसपास. ताशी १३८ किलोमीटरच्या पातळीवरचा अपघात हजारात एक. अहवाल जुना आहे, तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या, रस्ते वेगळे होते, हे मान्य. पण मूळ चित्र फारसं पालटलेलं नाही. दुचाकीस्वार चौकात सापडतो, वळणावर सापडतो, समोरच्या मोटारीनं न बघता वळण घेतलं म्हणून सापडतो. कमाल वेगाचं सील या सगळ्या ठिकाणी गप्प बसतं.

वेगानं माणसं मरत नाहीत असं मी म्हणतोय, असा अर्थ कृपया काढू नका. ५० ऐवजी ७० नं चाललेली गाडी थांबवायला जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. पण हे ७० तुमच्या ८० च्या सीलखाली सुखानं बसतात! शाळेसमोरच्या गल्लीत ७० नं जाणारा मुलगा सीलच्या दृष्टीनं नियमातच आहे. आणि मोकळ्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना अर्ध्यात अडकलेला मुलगाही नियमातच आहे. या दुसऱ्या मुलाबद्दल तुमच्या फायलींत कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. ट्रक ७० नं चाललाय, हा ७५ वर बाहेर निघतो, समोरून गाडी येताना दिसते, तो मूठ पिरगाळतो आणि इंजिन ८० ला हात वर करतं. मागे यावं तर मागची गाडी चिकटलेली. नवशिक्यानं मुळात तो ओव्हरटेक करायलाच नको होता, कबूल. पण चुकलेल्या माणसाकडे चुकीतून बाहेर यायला काही उरलं पाहिजे, हा सुरक्षेचा पहिला धडा आहे.

जर्मनीनं हे करून पाहिलं आहे. तिथे १६-१७ वर्षांच्या मुलांच्या १२५ सीसी गाड्यांना ताशी ८० ची मर्यादा होती. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर मोटारींना १०० ची मुभा. परिणामी सगळ्यात कमी अनुभव असलेला आणि अंगावर पत्रा नसलेला स्वार सतत मागे टाकला जाणारा ठरला, आणि त्याला मागे टाकणाऱ्यांत ट्रकही आले. १९ जानेवारी २०१३ पासून ही मर्यादा काढून टाकली गेली. ११ किलोवॅटची शक्तिमर्यादा मात्र ठेवली. माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. सगळ्या पत्रातलं एकच उदाहरण लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

स्वीडनमध्ये १५ वर्षांच्या मुलांना ताशी ३० वर बांधलेली मोटार चालवता येते. ए-ट्रॅक्टर म्हणतात तिला, मागे लाल त्रिकोण लावलेला असतो. बंधन फोडून पळवलेल्या ए-ट्रॅक्टरांची डोकेदुखी तिथल्या पोलिसांना कायमची आहे. मला त्या मुलांचं नवल वाटत नाही. रोजच्या रहदारीत टिकताच येणार नाही इतकं घट्ट बंधन घातलं, की ते फोडण्यात मुलाला अपराध वाटेनासा होतो. वर ते फोडून देणाराही कुणीतरी सापडतोच.

तर मग ओढ बांधायची कशी? इथे तुम्हा मंडळींचा एक जुना हट्ट आडवा येतो, तो सीसीचा. सीसी मोजायला सोपं, कागदावर छापलेलं, म्हणून जगभर नियम सीसीवर बेतले गेले. ब्रिटनमध्ये १९७१ च्या अखेरीस सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीच्या, पेडल असलेल्या मोपेडपुरतं मर्यादित केलं गेलं. कंपन्यांनी काय करावं? पेडल लावलेल्या छोट्या रेसर बनवल्या. यामाहाची एफएस१-ई त्यातली गाजलेली, ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळणारी. शेवटी १९७७ मध्ये मोपेडची व्याख्याच बदलून तिला ३० मैलांवर आणावं लागलं. ऑस्ट्रेलियात शिकाऊंसाठी २५० सीसीची मर्यादा होती तेव्हाची गंमत याहून मोठी आहे. सुझुकी आरजीव्ही २५० सारख्या टू-स्ट्रोक गाड्या, ज्या सरळ शर्यतीच्या मैदानातून आल्यासारख्या होत्या, त्या शिकाऊला कायदेशीर होत्या. आणि जड, संथ, हातात नीट बसणारी ५०० सीसीची गाडी बेकायदेशीर. पुढे तिथे मोजमाप बदललं. आता ६६० सीसीपर्यंतची गाडी चालते, पण एका टनामागे १५० किलोवॅटपेक्षा जास्त शक्ती नको, आणि त्या खोडकर टू-स्ट्रोक नावं घेऊन वगळलेल्या. न्यूझीलंडनंही २०१२ मध्ये हीच पद्धत घेतली.

जपानचं उदाहरण थोडं वेगळं आहे. १९७५ पासून तिथे ४०० सीसीच्या वरच्या गाडीसाठी वेगळी आणि कुप्रसिद्ध अवघड परीक्षा होती. ड्रायव्हिंग स्कूलमधून तो परवाना मिळण्याची सोय व्हायला १९९६ उजाडलं. दरम्यान ४०० सीसीच्या गाड्यांचा एक आख्खा वर्गच तिथे उभा राहिला. तुम्ही आज जो आकडा लिहाल तो उद्या कारखान्यात जन्माला येतो, म्हणून आकडा कशाचा लिहिता याला फार महत्त्व आहे.

युरोपीय संघाची २०१३ पासून लागू असलेली रचना मला सगळ्यात शहाणी वाटते, दोष धरूनही. पहिली पायरी १२५ सीसी, ११ किलोवॅट, आणि किलोमागे ०.१ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. दुसरी पायरी ३५ किलोवॅट, किलोमागे ०.२. त्यानंतर मोकळी गाडी. कमाल वेगाबद्दल या पायऱ्यांवर एक शब्द नाही. दुसऱ्या पायरीवर आणखी एक अट आहे, जी वाचून लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली: ३५ किलोवॅटवर आणलेली गाडी मुळात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त ताकदीची नसावी. म्हणजे दीडशे किलोवॅटचा राक्षस आणायचा, थ्रॉटलला अडसर लावून कागदोपत्री त्याचं कोकरू करायचं आणि पुढच्या आठवड्यात अडसर काढायचा, हा धंदा बंद. ज्यानं ही अट घातली त्यानं गॅरेजमध्ये उभं राहून काम पाहिलेलं असणार.

भारतात १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवण्याची तरतूद आहे, आणि अठरा पूर्ण झाल्यावर गिअरच्या मोटारसायकलचा एकच वर्ग. शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवला की हजार सीसीची गाडी त्याच परवान्यावर चालते. मधे पायरीच नाही. पायऱ्या नसलेल्या देशांनी आता नियम करायला घेतले, तर त्यांना सीसीच्या चुका पुन्हा करण्याची गरज नाही, हा एक फायदाच म्हणायचा.

तुमच्यापैकी अभ्यासू अधिकारी इथे मला अडवतील. इंजिनाचा आकार आणि अपघात यांचा सरळ संबंध संशोधनात नेहमी दिसत नाही, असं म्हणतील. बरोबर आहे. सीसी मोजलं तर दिसणार कसा? मोठ्या इंजिनाच्या गाड्यांत संथ क्रूझरही येतात आणि त्या चालवणारे पन्नाशीचेही. गाडीचा प्रकार पाहिला की चित्र बदलतं. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं २००७ मध्ये दाखवलं, की सुपरस्पोर्ट प्रकारच्या गाड्यांच्या चालकांचा मृत्युदर इतर मोटारसायकलींच्या जवळपास चौपट होता. या गाड्या म्हणजे कमी वजन आणि भरमसाट ताकद. अर्थात तशी गाडी निवडणारा माणूसच वेगळ्या वृत्तीचा असतो, सगळं खापर यंत्रावर फोडता येत नाही. पण वृत्ती परवान्याच्या परीक्षेत तपासता येत नाही. गाडीचं वजन आणि ताकद तपासता येते.

विजेच्या गाड्यांबाबत मात्र युरोपची रचनाही उघडी पडते आहे, आणि यात घाई करा अशी विनंती आहे. विजेच्या मोटरची जी शक्ती नोंदवली जाते ती अर्धा तास सलग देता येणारी. काही सेकंदांसाठी तीच मोटर त्याच्या तिप्पट-चौपट देऊ शकते. त्यामुळे कागदावर ११ किलोवॅट असलेली, पहिल्या पायरीला चालणारी गाडी सिग्नल सुटताना भल्याभल्यांना मागे टाकते. शिवाय क्लच नाही, गिअर नाही, इंजिन वर चढतानाचा आवाज नाही. पेट्रोलची गाडी निदान ओरडून सांगते की बाबा, जास्त होतंय. मघाशी सांगितलेली घाबरलेली मूठ या गाडीवर आठवून बघा. इथे चुकून बंद पडण्याचीही सोय नाही. नवशिक्यासाठी नियम लिहाल तेव्हा क्षणिक कमाल शक्ती मोजा. बाकी विजेच्या गाडीला बांधणं सोपं आहे. सॉफ्टवेअरमध्येच हळुवार मोड कायमचा लावून ठेवता येतो आणि मुदत संपल्यावर उघडता येतो.

चारचाकीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे ताकद हा माझ्या मते दुय्यम मुद्दा आहे. इटलीत नव्या चालकाला टनामागे किलोवॅट आणि एकूण किलोवॅट अशा दोन्ही मर्यादा आहेत. २०२४ च्या अखेरीस त्या ५५ आणि ७० वरून ७५ आणि १०५ वर नेल्या, आणि मुदत एका वर्षाची तीन वर्षं केली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात टनामागे १३० किलोवॅटची रेषा आहे. नुसतं गुणोत्तर ठेवलं तर काय होतं ते बघा: बॅटरीच्या ओझ्यानं दोन टनांची झालेली गाडी २५० किलोवॅटची असूनही टनामागे १२५ किलोवॅटचीच ठरते, रेषेखाली बसते आणि नवशिक्याच्या हाती जाते. म्हणून इटलीसारखी दुहेरी रेषा बरी. पण मोटारीत नवशिक्याचा घात बऱ्याचदा मागच्या सीटवरचे मित्र आणि रात्रीची वेळ करते. न्यूझीलंडनं १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला तेव्हा नेमकी हीच दोन बंधनं घातली: रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी नाही, आणि सोबतीला जाणता चालक नसेल तर प्रवासी नाहीत. कमी ताकदीच्या गाडीत चार मित्र कोंबून रात्री दोनला निघालेल्या मुलाला तुमचं किलोवॅटचं गणित वाचवणार नाही.

मोटारीत वेग-नियंत्रकाला मी सरसकट नाही म्हणत नाही, हेही नोंदवतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेऱ्यानं पाट्या वाचते, नकाशाशी ताळा करते, आणि गरज पडली तर चालक तिला बाजूला सारू शकतो. शाळेची गल्ली आणि महामार्ग यांतला फरक तिला कळतो. ८० च्या सीलला कळत नाही. नव्या चालकाला ही यंत्रणा बंद करण्याची मुभा काढून घ्यायची असेल, तर त्यावर चर्चा करू. माझा विरोध नसेल. दुचाकीला मात्र ती सध्या सक्तीची नाही. आणि कललेल्या गाडीची ओढ यंत्रानं अचानक कापणं किती धोक्याचं आहे, हे ज्यांनी वळणात थ्रॉटल एकदम सोडून पाहिला आहे त्यांना विचारा.

आता वयाबद्दल माझी खरी तक्रार. युरोपात चोविसाव्या वर्षी परीक्षा देऊन थेट कुठलीही मोटारसायकल चालवता येते. पायऱ्यांनी आलेल्याला वीस-एकविसाव्या वर्षी दोन वर्षांच्या अनुभवानंतर जे मिळतं, ते चोवीसच्या कोऱ्या माणसाला परीक्षेच्या दिवशी. माझ्या मैदानावर वीस वर्षांची मुलगी आणि पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ एकाच सकाळी पहिल्यांदा गाडीवर बसतात. दोघांच्या मुठी सारख्याच घाबरतात. गृहस्थांच्या जरा जास्तच, वर त्यांच्याकडे मोठी गाडी घ्यायचे पैसेही असतात. हर्ट यांच्याच अहवालात आहे, की अपघातग्रस्त स्वारांपैकी निम्म्याहून अधिकांना ‘त्या’ गाडीवर पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता, जरी रस्त्यावरचा एकूण अनुभव सरासरी तीनेक वर्षांचा होता. म्हणजे नवखेपण माणसाच्या जन्मतारखेत नसतं, माणूस आणि यंत्र यांच्या ओळखीत असतं. बंधन वयावर न लावता परवान्याच्या तारखेपासून लावा, सर्वांना सारखं, आणि पायरी चढताना मोठ्या गाडीवर काही तासांचं प्रत्यक्ष शिक्षण घेतल्याशिवाय पुढचा शिक्का मारू नका. त्याच अहवालात ९२ टक्के अपघातग्रस्त स्वार स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेले निघाले होते. ताकद कमी केलेली गाडी हा शिकण्यासाठी मिळालेला वेळ आहे. त्या वेळात कुणी शिकवलंच नाही तर माणूस दोन वर्षं तीच चूक हळू करत राहतो.

अंमलबजावणीचं मला फार बोलायचं नाही, ते तुमचं शास्त्र. एवढंच सांगतो, की अडसर म्हणून थ्रॉटलखाली ठोकलेला खिळा किंवा इनटेकमधला वॉशर अर्ध्या तासात निघतो, आणि तो निघाल्याचं बाहेरून दिसत नाही. कारखान्यातूनच कमी ताकदीची म्हणून निघालेली, नोंदणीपुस्तकात किलोवॅट छापलेली गाडी तपासायला रस्त्यावरच्या हवालदारालाही सोपी. विमा कंपन्यांनी दावा आला की इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक तपासला, तर निम्मं काम तिथेच होईल.

तुमच्या मसुद्यात ‘नवीन परवानाधारकाच्या वाहनाचा कमाल वेग’ अशी ओळ असेल, तर ती खोडून तिथे ‘कमाल शक्ती, क्षणिक धरून, आणि वजनाशी तिचं गुणोत्तर’ एवढे शब्द घाला. शेजारी मुदत लिहा, दोन वर्षं. वयाचा रकाना कोरा ठेवा.

आपला,
नवशिक्यांना दुचाकी शिकवणारा एक जण